पुण्यातल्या फ्लॅटसाठी परवडणारा एसी: पाचव्या स्टारचे पैसे फिटिंगवर घाला

पुण्यात दहा बाय बाराच्या बेडरूमसाठी एसी घ्यायचा असेल तर आमचा सल्ला सरळ आहे. एक टनाचा, तीन स्टारचा, तांब्याच्या कॉइलचा इन्व्हर्टर (म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारा) स्प्लिट घ्या. पाच स्टारसाठी जे सहा-आठ हजार जादा मोजायची तयारी होती, त्यातले निम्मे वायरिंग, पाइप आणि फिटिंगवर घाला, उरलेले खिशात ठेवा. खोली गच्चीखाली असेल किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर दीड टन. बाकी सगळं, म्हणजे वायफाय, आयोनायझर, ‘फाइव्ह-इन-वन’, बघून सोडून द्या.

हा सल्ला दिल्लीला किंवा नागपूरला लागू पडणार नाही. पुण्याचा हिशोबच वेगळा आहे. इथला उन्हाळा मार्चच्या मध्याला सुरू होतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस आला की संपतो. एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी हवा कोरडी असते आणि पहाटेपर्यंत बाहेर बऱ्यापैकी गार होतं. खरा त्रास संध्याकाळी सातपासून रात्री दोन-तीनपर्यंतचा. भिंती आणि स्लॅब दिवसभर तापलेले असतात आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहतात. म्हणजे बहुतेक घरांत एसी रात्री सात-आठ तास आणि पंचाहत्तर-ऐंशी रात्री चालतो. ऑक्टोबरचे थोडे दिवस धरले तरी वर्षाला सहाशे-साडेसहाशे तासांच्या वर जात नाही.

आता बीईईच्या, म्हणजे एसीला स्टार देणाऱ्या सरकारी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, लेबलकडे बघा. त्यावर ‘वार्षिक वीजवापर’ म्हणून जो युनिटचा आकडा असतो तो १,६०० तासांवर काढलेला असतो. दीड टनाच्या तीन स्टार एसीवर समजा ९५० युनिट लिहिलंय आणि पाच स्टारवर ७५०. फरक २०० युनिटचा. पण तो १,६०० तासांचा. तुमचे तास ६०० असतील तर हा फरक ७५ युनिटवर येतो. युनिटला १२ रुपये धरले तरी वर्षाला ९०० रुपये वाचले. दोन्ही मॉडेलच्या किमतीत आठ हजारांचा फरक असेल तर तो वसूल व्हायला जवळजवळ नऊ वर्षं लागतील, आणि तोवर एसीचं वय झालेलं असेल.

दर मात्र नीट धरा. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, आणि एसीचे युनिट नेहमी बिलाच्या वरच्या टोकाला येऊन बसतात. म्हणून सरासरी दर धरू नका. मे महिन्याचं जुनं बिल काढा, त्यातला शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार मिळवा आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. हा तुमच्या एसीचा खरा दर. दोन एसी असलेली घरं मे महिन्यात ३०० ओलांडतात, आणि तिथे वाचलेल्या प्रत्येक युनिटची किंमत बरीच वाढते.

याच हिशोबाने पाच स्टार कुणाला परवडतो तेही कळतं. घरून काम करणारं माणूस एसी दिवसाही लावतं. सोळा तास आणि ऐंशी दिवस धरले तर १,२८० तास झाले, फरक १६० युनिटचा, म्हणजे १,९०० रुपयांच्या आसपास. चार-सव्वाचार वर्षांत जादाचे पैसे निघाले. दवाखाना, क्लासेस, छोटं ऑफिस, घरात अंथरुणाला खिळलेलं आजारी माणूस, या सगळ्यांनी पाच स्टारच घ्यावा, तीन स्टारकडे बघूही नये. फक्त रात्री झोपण्यापुरता एसी लावणाऱ्या घरांचा प्रश्न वेगळा आहे, आणि पुण्यात अशी घरं जास्त.

स्टारबद्दल आणखी एक गोष्ट. स्टारची पट्टी दर काही वर्षांनी कडक होते. २०१८ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला पाच स्टार मिळवायला आयएसईईआर (हंगामभरात खाल्लेल्या विजेच्या किती पट गारवा दिला तो आकडा) ४.५० पुरत होता. १ जुलै २०२२ पासून तो ५.०० लागू लागला. त्यामुळे २०१८ च्या लेबलचा पाच स्टार आणि २०२२ च्या लेबलचा चार स्टार वीजवापरात एकच असू शकतात. दुकानदार ‘पाच स्टार, जुना स्टॉक, स्वस्तात’ म्हणाला तर स्टार मोजू नका. लेबलवरचा आयएसईईआर वाचा, लेबलची मुदत वाचा, आणि युनिटच्या मागे चिकटवलेली उत्पादनाची तारीख बघा. वर्षभर गोडाऊनमध्ये पडलेला एसी वाईट नसतो, पण त्याचे पैसे कमी व्हायला हवेत.

किती टन?

एक टन म्हणजे ३,५१७ वॅट गारवा, दीड टन म्हणजे ५,२७५. पण ‘दीड टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मॉडेलवर पूर्ण क्षमता ४,८०० ते ५,००० वॅट लिहिलेली सापडते. यात बेकायदा काही नाही, कारण खरा आकडा लेबलवर छापलेलाच असतो. मात्र दोन एसींची तुलना करताना टन बाजूला ठेवा आणि वॅट बघा. एक जण ४,८०० वॅट ३४ हजारांत देतोय आणि दुसरा ५,२०० वॅट ३५ हजारांत, तर दुसरा स्वस्त पडला.

मधल्या मजल्यावर, उत्तर किंवा पूर्वेकडे खिडकी असलेल्या, १२० चौरस फुटांपर्यंतच्या बेडरूमला एक टन पुरतो. १२० ते १८० ला दीड टन. गच्चीखालच्या मजल्याला वीस ते तीस टक्के जादा धरा. दहा बाय अकराची खोलीसुद्धा वर नुसता स्लॅब असेल तर दीड टनाचीच आहे. पश्चिमेला मोठी काचेची सरकती खिडकी असेल तरी तेच. मिवान बांधणीच्या नव्या टॉवरमध्ये बाहेरच्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. ब्लॉकच्या भिंतीपेक्षा काँक्रीटमधून उष्णता फार लवकर आत येते, त्यामुळे अशा घरांत पश्चिमेच्या खोलीबाबत कंजुषी करू नका. याउलट पेठेतल्या जुन्या, जाड भिंतींच्या घरात एक टन आरामात काम करतो.

टन वाढवण्याआधी दोन स्वस्त उपाय करून बघावेत. खिडकीला बाहेरून बांबूची चटई किंवा हिरवी जाळी लावली तर ऊन काचेपर्यंत येतच नाही. आतले जाड पडदे त्याच्या निम्मंही काम करत नाहीत, कारण काचेतून उष्णता आधीच आत आलेली असते. गच्ची आपली असेल किंवा सोसायटी परवानगी देत असेल तर तिला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. दीड टनाचा एक टन व्हायला एवढं कित्येकदा पुरतं.

‘मोठाच घेऊ, लवकर गार होईल’ हा विचार पुण्यात तोट्याचा आहे. गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करतो आणि मंदावतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते चालून जातं, पण जून-जुलैच्या दमट रात्री तो हवेतली ओल पुरेशी काढत नाही. खोली गार असते आणि चादर दमट. योग्य मापाचा एसी जास्त वेळ सावकाश चालतो आणि ओलही काढतो.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा सहा-एक टक्के विरळ असते आणि एसीची क्षमता किंचित उतरते. त्यासाठी वरचा टन घ्यायची गरज नाही.

काय बघायचं, काय सोडायचं

कॉइल तांब्याची घ्या, इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही. ॲल्युमिनियमचं कॉइल पुण्याच्या बिनखाऱ्या हवेत मुंबईपेक्षा जास्त टिकेल हे खरं, पण गळती झाली तर गल्लीतला मेकॅनिक ते जोडू शकत नाही, आख्खं कॉइल बदलावं लागतं. तांब्याला ब्रेझिंग करून गळती बंद करता येते. मात्र घर नदीकाठी किंवा उघड्या नाल्याजवळ असेल तर तांब्यालाही धोका आहे. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं खातो, आणि अशा जागी इनडोअरचं कॉइल दोन-तीन वर्षांतही बारीक छिद्रं पडून गळू शकतं. तिथे राहणाऱ्यांनी कॉइलवर, पाइपवर आणि बेंडवर गंजरोधक थर आहे का ते विचारावं, आणि कॉइलच्या गळतीवर किती वर्षांची वॉरंटी आहे ते बिलावर लिहून घ्यावं. नुसते निळे किंवा सोनेरी पंख दाखवून विषय संपवू देऊ नका, कारण तो थर पंखांवर असतो. छिद्रं नळीला पडतात.

गॅस आर-३२ असावा. जुन्या आर-४१०ए चा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट आहे, आर-३२ चा ६७५ पट, आणि आर-३२ ला भरणाही कमी लागतो. आर-२२ वाला एसी जुन्या बाजारात कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

वॉरंटीत ‘दहा वर्षं’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात आणि ते फक्त कॉम्प्रेसरबद्दल असतात. कॉम्प्रेसर क्वचित जातो. इन्व्हर्टर एसीत जातो तो आउटडोअरमधला पीसीबी, म्हणजे कंट्रोलचं सर्किट. व्होल्टेजचा झटका, मुंग्या किंवा आत शिरलेली पाल ही त्याची नेहमीची कारणं, आणि बदलायला पाच ते बारा हजार लागतात. म्हणून पीसीबीवर पाच वर्षं वॉरंटी देणारं मॉडेल हजार-पंधराशे रुपये महाग असलं तरी तेच घ्या. पाल किंवा किडे यामुळे झालेलं नुकसान बऱ्याच कंपन्या धरत नाहीत. ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, मजुरी आणि ने-आण यांचे पैसे लागतात का, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

‘फाइव्ह-इन-वन कन्व्हर्टिबल’ म्हणजे रिमोटवरून कॉम्प्रेसरला ४०, ६०, ८० टक्क्यांची मर्यादा घालणं. इन्व्हर्टर ते स्वतःहूनच करतो. मर्यादेचं बटण उपयोगी पडतं ते घरचा लोड कमी ठेवायचा असतो तेव्हा, उदाहरणार्थ सोसायटीच्या जनरेटरवर. ‘५२ अंशांतही कूलिंग’ याचा अर्थ तितक्या उन्हात मशीन बंद पडत नाही एवढाच. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश असतानाची असते, त्यापुढे ती उतरत जाते. ‘हॉट अँड कोल्ड’ पुण्यात पैसे वाया घालवणं आहे. ‘स्टॅबिलायझर-फ्री’ मात्र बऱ्याच अंशी खरं आहे, फक्त त्या मॉडेलची व्होल्टेजची मर्यादा बघा. मल्टिमीटर घेऊन रात्री नऊ ते अकरा दरम्यान तीन-चार दिवस सॉकेटवर मोजा. २०० ते २४५ मध्ये राहत असेल तर स्टॅबिलायझर नको. शहराच्या कडेला नव्या वसाहतीत १८० च्या खाली जात असेल, किंवा वीज दिवसातून चार वेळा ये-जा करत असेल, तर तीन-चार हजारांचा चांगला स्टॅबिलायझर पीसीबीपेक्षा स्वस्त आहे.

कंपनी कुठली, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. आमच्या मते तो शेवटी विचारावा. ब्लू स्टार, व्होल्टास, डायकिन, एलजी, लॉइड, गोदरेज, पॅनासॉनिक, हिताची यांची तीन स्टार मॉडेलं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की फरक पडतो तो तुमच्या भागातल्या सर्व्हिसने. एलजी आणि हायरचे कारखाने रांजणगावला आहेत, पण कारखाना जवळ असला म्हणून टेक्निशियन लवकर येतो असं नाही. सोसायटीत खाली-वर विचारा, एप्रिल-मेमध्ये तक्रार दिल्यावर माणूस किती दिवसांनी आला? दोन दिवसांत येणारी कंपनी घ्या, मग ती कोणतीही असो.

फिटिंगच्या आधीची वीज

जुन्या इमारतींत बेडरूमपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची वायर आलेली असते. त्यावर गीझर चालला म्हणून एसी चालेल असं नाही; गीझर पंधरा मिनिटं चालतो, एसी आठ तास. दीड टनाला डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तिचा स्वतःचा २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवा. एक टनाला अडीचची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी चालतो, पण भिंत एकदाच फोडणार असाल तर चारचीच ओढून घ्या. वायर आणि एमसीबी बॉक्स बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेतले तर बरेच पैसे वाचतात. अर्थिंग मल्टिमीटरने तपासा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग एसीवाला. एक्स्टेंशन बोर्डवर एसी लावायचा नाही. प्लग काळा पडणं, सॉकेट वितळणं, हे सगळं तिथूनच सुरू होतं.

ड्राय बाल्कनीचा घोटाळा

पुण्याच्या फ्लॅटमध्ये आउटडोअर युनिट बहुतेक वेळा ड्राय बाल्कनीत जातं, आणि एसी ‘गारच करत नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. तीन बाय सहाची जागा, एका बाजूला वॉशिंग मशीन, पुढे लोखंडी ग्रिल, ग्रिलवर पारव्यांसाठी बारीक जाळी, आणि जाळीवर वाळत घातलेले कपडे. आउटडोअरचा पंखा गरम हवा पुढे फेकतो, ती जाळीला आणि कपड्यांना अडून मागे फिरते आणि युनिट तीच हवा पुन्हा ओढतं. बाहेर ३८ अंश असताना बाल्कनीत ४८ होतात. कॉम्प्रेसर जास्त वीज खातो, क्षमता उतरते, आणि शेवटी मशीन स्वतःच बंद पडतं. टेक्निशियन येतो, गॅस भरतो, पैसे घेतो, आठवड्याने पुन्हा तेच.

आउटडोअरच्या मागे दहा-पंधरा सेंटिमीटर आणि पुढे किमान दोन-तीन फूट मोकळी जागा हवी. ड्राय बाल्कनीतच ठेवणं भाग असेल तर युनिट स्टँडवर उचलून पंखा ग्रिलला अगदी भिडवा, म्हणजे गरम हवा थेट बाहेर जाईल, आणि त्याच्या समोरची जाळी कापून मोठ्या भोकांची लावा. इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये तर शक्यतो लावूच नका. खालच्या चार मजल्यांची गरम हवा वर चढून तुमच्या युनिटला येते, आणि दुरुस्तीला माणूस तिथे उतरायला तयार होत नाही.

बाहेरच्या भिंतीवर लावायचं असेल तर भिंत कशाची आहे ते आधी सांगा. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे त्या हलक्या पांढुरक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे अँकर फास्टनर धरत नाहीत. वीस-पंचवीस किलोचं युनिट थरथरत असतं, दोन वर्षांत भोक मोठं होतं. तिथे आरपार बोल्ट घालून आतून लोखंडी पट्टी लावून घ्या. सोसायटीने बाहेर युनिट कुठे लावायचं ते ठरवून दिलेलं असतं, तेही आधी विचारा. एकदा लावलेलं काढून दुसरीकडे लावणं म्हणजे पुन्हा पाइप आणि पुन्हा पैसे.

फिटिंगच्या दिवशी

टेक्निशियन आत आल्यावर पहिला प्रश्न: ‘दादा, व्हॅक्यूम पंप आणलाय ना?’ नसेल तर चहा द्या आणि पंप घेऊन यायला सांगा. पाइप जोडल्यावर त्यात हवा आणि ओल राहते. ती पंपाने पंधरा-वीस मिनिटं ओढून काढावी लागते, आणि पंप बंद केल्यावर दहा मिनिटं गेजचा काटा हलता कामा नये. घाईत असलेले लोक त्याऐवजी आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून त्याने हवा ढकलतात. त्यात कंपनीने मोजून भरलेला गॅस कमी होतो, आणि राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिसळून आम्ल तयार करते. मशीन पहिल्या दिवशी छान गार करतं आणि तिसऱ्या वर्षी कॉम्प्रेसर जातो, तेव्हा कुणालाच फिटिंग आठवत नाही.

एक टनाला दोन सूत आणि तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अशा दोन नळ्या लागतात. दीड टनाला दोन आणि चार, काही मॉडेलला दोन आणि तीन. मॅन्युअलमध्ये असेल तेच माप घाला. बॉक्समध्ये साधारण तीन मीटर पाइप येतो. वरचा प्रत्येक मीटर सातशे ते हजार रुपयांना पडतो. म्हणून इनडोअर आणि आउटडोअरची जागा कॅटलॉग बघतानाच टेपने मोजा. जादा पाइप जाड भिंतीचा आहे का ते कापलेल्या टोकावर बघा, ०.७ मिलिमीटरच्या खाली घेऊ नका. पाइपच्या टोकाला तोंड पसरवतात त्याला फ्लेअर म्हणतात. ते एकसारखं, चीर न पडलेलं हवं. नट घट्ट केल्यावर चारही जोडांवर साबणाचा फेस लावायला सांगा आणि स्वतः वाकून बघा. पहिल्या वर्षातली बहुतेक गळती याच चार जागी होते.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं. ड्रेन पाइपला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा, आणि वाटेत कुठेही पोट आलेलं नको, नाहीतर जुलैमध्ये पाणी बेडवर पडेल. पाइपवरचं काळं आवरण जोडांपर्यंत नीट गुंडाळलेलं हवं. दोन्ही युनिटमधली केबल एकसंध हवी, मध्ये टेप लावून जोडलेली नको. इन्व्हर्टरमध्ये त्याच केबलमधून दोन्ही युनिटचं बोलणं चालतं, आणि सैल जोडामुळे येणारे एरर कोड शोधता शोधता माणूस थकतो.

माणूस जायच्या आधी एक चाचणी करा. दारं-खिडक्या बंद, पंखा सर्वात जोरात, तापमान १८, वीस मिनिटं. मग साध्या डिजिटल थर्मामीटरने इनडोअरच्या वरून आत जाणारी आणि खालून बाहेर येणारी हवा मोजा. फरक ८ ते १२ अंश हवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत थोडा जास्तही येतो. सहाच्या खाली असेल तर सही करू नका.

फिटिंगचा खर्च दुकानदार ‘पंधराशे’ सांगतो. स्टँड, कोअर कटिंग (भिंतीला भोक पाडणं), जादा पाइप आणि ड्रेन धरून तो साडेतीन ते सहा हजारांवर जातो, आणि वायरिंग वेगळं. हे बजेटमध्ये आधीच धरा.

किंमत आणि वेळ

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर एक टनाचा तीन स्टार इन्व्हर्टर साधारण २८ ते ३४ हजारांत आणि दीड टनाचा ३२ ते ४० हजारांत बसतो. दीड टन पाच स्टारला ४० ते ४८ मोजावे लागतात. बहुतेक लोक गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर घेतात, आणि नेमका तेव्हाच उकाडा सुरू होऊन फिटिंगची रांग लागलेली असते. दिवसाला सात-आठ फिटिंग उरकणारा माणूस व्हॅक्यूमला वीस मिनिटं देत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. किंमत थोडी उतरलेली असते आणि टेक्निशियन निवांत असतो. बसवायचा दिवस गुरुवार ठेवू नका, दुरुस्तीसाठी वीज गेलेली असेल तर चाचणीच राहून जाते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. स्प्लिट काढणं, नेणं, पुन्हा लावणं याला दर वेळी तीन-चार हजार जातात आणि पाइप थोडा थोडा कमी होत जातो. खिडकीला जागा असेल तर विंडो एसी त्यांच्यासाठी चांगला, पण नव्या फ्लॅटच्या सरकत्या खिडक्यांत तो बसत नाही. चाकांवरचा पोर्टेबल एसी घेऊ नका. तो खोलीतलीच हवा नळीने बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा दाराच्या फटीतून आत येते. त्यापेक्षा दहा हजारांचा डेझर्ट कूलर पुण्यात खरोखर चांगलं काम करतो. दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना त्याची हवा २४-२५ अंशांना येते आणि वीज दीडशे-दोनशे वॅट लागते. अट एकच, खिडकी उघडी हवी. मे संपताना वळीव पडायला लागला की त्याचा उपयोग संपतो.

वापरात फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा; शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याने. २५-२६ अंश आणि सोबत पंखा मंद, हे बहुतेकांना पुरतं. बीईईच्या अंदाजाने एक अंश वर केला की सहा टक्के वीज वाचते.

राहिला गॅस. एप्रिलमध्ये लोक म्हणतात, ‘ड्रेनमधून पाणीच येत नाही, गॅस संपला वाटतं.’ कोरड्या हवेत काढायला ओलच नसते, त्यामुळे पाणी थेंबथेंब येणं हे ठीक आहे. तोच एसी जुलैत बादली भरेल. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. ‘थोडा टॉप-अप मारतो’ म्हणणाऱ्याला आधी गळती दाखवायला सांगा, ती बंद केल्यावर पुन्हा व्हॅक्यूम, आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस. एक टनात तो साधारण अर्धा ते पाऊण किलो असतो. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि त्याबरोबर दाबही, त्यामुळे नुसत्या गेजवर बघून भरलेला गॅस बरोबर निघाला तर तो योगायोग. वजनकाटा नसेल तर त्याला परत पाठवा.